पाटल्यांवर वाजणारा रेडिओ

आमच्या घरून रेडिओ निघाला की आमचे हे दारापर्यंत जायचे, त्याच्या डब्यावर थोपटायचे आणि म्हणायचे, "नीट नांदजो गा बाबू, माहेरी पळून नको येजो." गिऱ्हाईक हसायचं. मी नाही हसायची. पळून येणारे किती असतात ते मला माहीत होतं.

मी घरी बसून ट्रान्झिस्टर जोडायची. आमच्या नागपूरच्या इतवारीतल्या गल्लीत मला रेडिओवाली काकू म्हणत, आणि गल्लीतली जुनी माणसं अजूनही म्हणतात. परवा एकीनं मोबाइल आणून दिला, "काकू, आवाज फाटून राहिला." मी म्हटलं, बाई, याच्या आत मला माणूसही ओळखू येत नाही, बिमारी काय ओळखू?

मी शिकलेली नाही. माहेर कोष्ट्याचं, घरात हातमाग. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची आणि गाठ दिसू द्यायची नाही, एवढी एकच विद्या मी सासरी घेऊन आले. तीच कामी आली.

झालं असं की हे गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात होते. एका रविवारी बर्डीच्या बाजारातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "रेडिओ आणला." मी पिशवी उघडली तर आत तारा, काळ्या टिकल्या, रंगीत पट्ट्यांच्या बारीक कांड्या, एक छोटा भोंगा आणि एक रिकामा डबा.

"याच्यात रेडिओ कुठे हाय?" मी विचारलं.

"हाच होय. जोडा लागते. कंपनीचा महाग पडते, हा स्वस्त."

सासूबाई कोपऱ्यात तूर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे यानं गहू आणले अन् पोळी म्हणून राहिला."

तारा जोडायला ह्यांनी चार रविवार वितळल्या शिशाचे डाग दिले. आधी बोट भाजलं, मग चटई, मग सासूबाईंचं अंथरूण. रेडिओ काही बोलला नाही. एक दिवस हे वैतागून म्हणाले, "मुका निघाला," आणि पिशवी माळ्यावर गेली. दुपारी घर शांत झालं की मी ती खाली काढायची. माग बघत मोठी झालेली बाई मी, इतके धागे असे उघडे पडलेले मला बघवत नव्हते.

सोबतचा नकाशा इंग्रजीत होता, पण चित्र तर चित्रच असतं. अडचण एकच होती. त्या बारीक कांड्यांवर रंगाच्या पट्ट्या असतात आणि रंगावरून कांडी कुठे लावायची ते ठरतं. बल्बच्या पिवळ्या उजेडात मला तपकिरी, लाल आणि नारंगी सगळं एकच दिसे. इथे मात्र आमच्या ह्यांना तोड नव्हती. जन्म कापडात गेलेला. रात्री दुकानातून आले की लांबूनच सांगायचे, "ही कथ्थई. ती दुसरी गेरवी. आणि ही निळी नाही वं, वांगी हाय. वांगी कलरचं लुगडं मी अंधारात ओळखतो." ते रंग वाचत, मी डाग देत असे. असा आमचा संसार चालला, आणि एका दुपारी भोंग्यातून कोणी तरी धानावरच्या किडीबद्दल बोलू लागलं. सासूबाई दचकून उठल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. परका माणूस घरात बोलला ना!

मग शेजाऱ्यांना पाहिजे, शेजाऱ्यांच्या व्याह्यांना पाहिजे, असा धंदाच सुरू झाला. धंद्याची भाषाही घरात आली. रेडिओत स्टेशन फिरवायचा एक भाग असतो, त्याला गँग म्हणतात. एकदा मी शेजारच्या मास्तरांबरोबर दुकानात निरोप पाठवला, "त्याईले म्हणा, माझी गँग बिघडली, बर्डीवरून दुसरी आणा." मास्तर निरोप देऊन आले, पण त्यानंतर बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना चालण्याचा वेग वाढवायचे.

आता ज्यानं कधी रेडिओ उघडून पाहिला नाही त्याला थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

रेडिओ जोडणं हे अर्धं काम. तो लाइनवर आणणं हे खरं काम. बर्डीवरचे दुकानदार त्याला अलाइनमेंट म्हणत, आम्ही लाइन लावणं म्हणायचो. (एका कॉलेजच्या पोरानं दारातून ओरडून विचारलं होतं, "काकू, माझ्या रेडिओवर लाइन मारून देता काय?" सासूबाईंनी त्याला झाडू दाखवला होता.) गांधीबागेत कापड कुठल्याही गावचं येवो, मोजायला गज एकच. तसं रेडिओ कुठलंही स्टेशन पकडो, आत घेतल्यावर त्याला आपल्या एका ठरलेल्या सुरात आणतो. त्यासाठी तीन छोट्या पत्र्याच्या डब्या असतात, डोक्याला भोक, आत पेच. तो पेच केसभर फिरवायचा आणि कान लावून ऐकायचं. आवाज वाढतो, वाढतो, मग उतरायला लागतो. उतरला की थोडं मागे यायचं. वरणात मीठ टाकण्यासारखंच, फक्त इथे जास्त झालेलं काढता येतं.

मग येते काळी कांडी, बोटभर लांब, तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं. स्टेशन पहिल्यांदा तिच्यावर येऊन बसतं. डायलच्या खालच्या टोकाचं स्टेशन लावून ते वेटोळं कांडीवर इकडे तिकडे सरकवायचं, आवाज मोठा होईल तिथे थांबायचं. वरच्या टोकाचं स्टेशन लावून गँगच्या पाठीवरचा बारका पेच फिरवायचा. दोन्ही टोकं जुळली की वेटोळ्यावर मेणबत्तीचा एक थेंब टाकायचा, हलू नये म्हणून. झाला रेडिओ.

यात एक पथ्य आहे. पेचकस लोखंडी चालत नाही. लोखंड जवळ गेलं की सूर बदलतो, आणि पेचकस काढला की तुम्ही लावलेलं सगळं वाया. म्हणून मी बांबूची काडी घासून पेचकस केला होता. हे पथ्य मी कटाक्षानं पाळायची. गर्वच होता मला त्या बांबूचा.

आणि हातात घालायची पितळी पाटल्या!

त्या ह्यांनी त्याच साली दिवाळीला घेतल्या होत्या. सोन्याचं पाणी दिलेल्या, चांगल्या जाड. इतवारीत तेव्हा त्यांची लाटच आली होती, जी ती बाई तशाच घालायची. सासूबाईंचं म्हणणं, बाईचा हात भरलेला पाहिजे, मग तो विजेत घाला की विस्तवात. डाव्या हातानं मी रेडिओ धरायची, म्हणजे पाटल्या बरोबर त्या काळ्या कांडीशेजारी. उजव्या हातात बांबू. बांबूकडे लक्ष, पितळाकडे नाही. पण नागपुरात स्टेशन डोक्यावरच, रेडिओ कसाही लावा, कानठळ्या बसेपर्यंत वाजायचा. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

कळलं रामटेकला.

कन्हानचे एक गृहस्थ होते, गणपतराव. स्वभावानं गरीब, बोलायचे तेही परवानगी घेतल्यासारखं. त्यांच्या कुंदाचं लग्न रामटेकजवळ धानाची शेती असलेल्या घरात ठरलं. जावयाला रेडिओ द्यायचं कबूल करून बसले होते. कंपनीचा झेपणारा नव्हता, म्हणून माझ्याकडे आले. "ताई, आवाज असा पाहिजे का वरातीत लाज नाही गेली पाहिजे." मी जीव लावून सेट केला. डब्याला ह्यांनी दुकानातल्या मखमलीच्या तुकड्याचं कव्हर शिवून घेतलं. निघताना ह्यांनी थोपटला, नांदजो म्हणून सांगितलं, सगळं झालं.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी दारात रेडिओ उभा. मागे जावई देवीदास, त्याच्या मागे कुंदा, डोक्यावर पदर, हातात थैली.

"काकू, रेडिओ वाजत नाही," देवीदास म्हणाला.

"बिलकूल नाही?"

"वाजते. पण..." त्यानं मागे पाहिलं, मग जमिनीकडे. "आमच्या घरच्या मंडळीच्याच हातात वाजते."

आमचे हे जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "काय म्हणता गा?"

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी सारी आळी आबांच्या ओसरीवर जमली. आबा म्हणजे देवीदासचे वडील. आबांनी रेडिओ लावला, खरखर. देवीदासनं लावला, खरखर. थोरला भाऊ म्हणाला फेकून द्या. तेवढ्यात कुंदा चहा घेऊन आली, कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं एका हातानं रेडिओ सरकवला, आणि आतून बातम्या देणारा असा बोलला जसा ओसरीवरच बसला आहे. तिनं हात काढला, खरखर. हात ठेवला, बातम्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय काकू. आबा म्हणते, सूनबाई, बस इथंच. तवापासून रोज संध्याकाळी हिले रेडिओजवळ बसा लागते. आबाच्या शेतीच्या कार्यक्रमापासून तं गाण्यापर्यंत. भाकरी आई थापते. क्रिकेट होतं त्या दिवशी तं दादानं हिले पाणी प्यायले बी उठू नाही देलं. लोकं म्हणते लक्ष्मीचा हात हाय. एक दोघं म्हणते करणी हाय."

"अन् आबा काय म्हणते?"

देवीदासचा आवाज खाली गेला. "आबा म्हणते, घरच्या सुनेनं रोज माणसात बसावं हे बराबर नाही. दुरुस्त होत असन तं करून आणा. नाही तं हा वापस द्या अन् सासऱ्याले म्हणा, कबूल केलं तसा कंपनीचा द्या."

कुंदानं पदर आणखी पुढे ओढला. गणपतरावांचा तो परवानगी मागणारा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. म्हणजे हा रेडिओ नांदला नाही तर बोलणी त्या माणसाला बसणार, आणि ती ऐकत त्या घरात राहायचं या पोरीला.

मी रेडिओ उचलला, डायल फिरवली. ठणठणीत! देवीदासच्या हातात दिला, त्याला दूर गल्लीच्या टोकाला उभं केलं, आणि नागपूरचं तर इथे कसंही वाजतं म्हणून गाण्यांचं कमी ताकदीचं स्टेशन लावायला सांगितलं. मेला! परत मी घेतला. जिवंत!

आमचे हे म्हणाले, "याच्यात तुहाच हात हाय." मग पाहुण्याला म्हणाले, "चला जावईबापू, बाईले इचार करू द्या, आपण तर्री पोहे खाऊन येऊ." दोघे गेले.

घरात मी, कुंदा आणि तो मखमलीतला बेइमान. मी तो उघडला. डाव्या हातानं धरला, वाजला. उजव्यानं धरला, वाजेना. उजव्या हातात माझ्या फक्त काचेच्या बांगड्या, कारण बांबू धरताना पाटली आड येते. मी डाव्या हाताकडे पाहिलं. मग कुंदाच्या हाताकडे पाहिलं. दोघींच्या हातात त्याच इतवारीच्या पितळी पाटल्या.

मी पाटल्या उतरवून कांडीजवळ ठेवल्या. कुणी धरलेलं नसतानाही रेडिओ गायला लागला. दूर केल्या, गप्प.

मला इतकं हसू आलं की मी जमिनीवरच बसले. लोखंड चालत नाही म्हणून बांबू घासणारी बाई मी, आणि आख्खा रेडिओ पाटल्यांवर लावून पाठवला होता! पाटल्या असतील तरच तो लाइनवर. "कुंदा, तुह्या हातात लक्ष्मी नाही, पितळ हाय," मी म्हटलं. "आत्ता पाटल्या काढून लावून देते, कोणाच्याही हातात वाजन."

ती हसली नाही. थैलीचा बंद पिळत राहिली. मग एकदम म्हणाली, "काकू, नीट नका करू नं."

"काहून वं?"

"त्या घरात दिवसभर सैपाक, गोठा, धुणं. कोणी माह्याशी बोलत नाही. हे दिवसभर धानाच्या बांधीत राहते, आले का आबासमोर माह्याकडं पाहत बी नाही. तशी रीत हाय आमच्याकडं. फक्त संध्याकाळी मी रेडिओपाशी बसली राहते तं हे बाजूले बसते, डायल फिरवाले. आबाच सांगते त्याईले, बस तिथं. कालच्या गाण्याच्या येळेस हे हळूच म्हणे, तुले कोणतं आवडते? इतक्या दिवसात पहिल्यांदा विचारलं काकू." तिनं नाक पुसलं. "रेडिओ चांगला झाला तं मी चुलीपाशी जाईन."

आता मला सांगा, मी काय करू? दुरुस्त केला तर पोरगी उठते, नाही केला तर बाप अडचणीत येतो. धंद्यात मी पुष्कळ नखरेल गिऱ्हाइकं पाहिली. एका आजोबांना बातम्या देणारी बाई हळू बोलायला पाहिजे होती, एकाला कीर्तनाशिवाय काही पकडणार नाही असा रेडिओ पाहिजे होता. पण बिघाड तसाच राहू द्या म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

पहिलंच वाटलं होतं. तर्रीनं नाक लाल करून दोघे परत आले आणि ह्यांनी मला मोरीजवळ बोलावलं. कानात म्हणाले, "अवं, तो पोरगा पोह्याच्या गाडीवर काय म्हणे माहीत हाय? म्हणे, काका, काकूले म्हणा जरासा बिघाड राहू द्या. आबाले नका सांगू."

"त्यालेही!"

"म्हणजे? तिलेही?"

आम्ही दोघं मोरीत तोंडावर पदर आणि रुमाल धरून उभे. बाहेर ते दोघं खोलीच्या दोन भिंतींना चिकटून बसलेले, एकमेकांकडे न बघता.

मग मी देवीदासला एकच विचारलं, "आबा काय काय ऐकते?"

"शेतीचा कार्यक्रम अन् बातम्या. नागपूरचं स्टेशन. गाणे लागले का म्हणते, हे पोट्टेपणा हाय, अन् तमाखू मळत बसते."

माझ्या डोक्यात उजेड पडला. नागपूरचं स्टेशन डायलच्या खालच्या टोकाला. गाण्यांचं वरच्या टोकाला, आणि ते कमी ताकदीचं, रामटेकला जेमतेम पोचणारं. दोन टोकं, दोन पेच. मी पाटल्या काढल्या, खालचं टोक लावलं, वेटोळं सरकवून आवाज पूर्ण वर आणला आणि मेणाचा थेंब टाकला. आबांचं झालं. मग पाटल्या परत चढवल्या, डावा हात कांडीशी नेला, आणि वरच्या टोकाचा पेच पाटल्यांसहित लावला.

कुठल्याही कारागिरानं पाहिलं असतं तर मला दुकान बंद करायला सांगितलं असतं. एकाच रेडिओचं एक टोक सरळ, एक टोक मुद्दाम वाकडं! पण आयुष्यात इतकी बारीक लाइन मी परत कधी लावली नाही. पाटली केसभर मागे घेतली की गाणं विरायचं, पुढे नेली की भरायचं. चहाचे दोन फेरे झाले तेव्हा मनासारखं झालं.

"आबाले म्हणजो," मी देवीदासला सांगितलं, "बातम्या, शेती कोणाच्याही हातात वाजन. गाणे मात्र स्वस्तातल्या सेटवर इतकेच भेटते. ते पाहिजे असन तं सूनबाईले हात ठेवा लागन." कुंदानं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. समजली होती. देवीदासला काय समजलं देव जाणे, पण जाताना दोन्ही हातांनी रेडिओ असा धरला होता जसं बाळ. ह्यांनी थोपटला नाही. म्हणाले, "हा नांदणार."

आज इतक्या वर्षांनी वाटतं, लोकांचे रेडिओ सरळ लावून मी नाव कमावलं, पण आठवतो तो हा वाकडा. आता तर मिडियम वेव्हवर रात्री फिरवलं तरी खरखर जास्त, माणूस कमी. बांबूचा पेचकस ठेवला आहे, त्याला विचारणारं कोणी नाही. असो.

पुढल्या साली आम्ही रामटेकला देवाला गेलो तेव्हा मी ह्यांच्या मागे लागून त्यांच्या घरी गेले. मला माझा रेडिओ बघायचा होता. संध्याकाळ होती. ओसरीवर आबा, समोर रेडिओ, खणखणीत बातम्या, हात कोणाचाच नाही. आबा मला म्हणाले, "तुम्हीच होय काय रेडिओवाल्या? चांगला झाला. कंपनीचा नाही घेतला म्या." बातम्या संपल्या. आबा उठले, उपरणं झटकलं आणि बाकीच्या माणसांना म्हणाले, "चला गा, आपलं झालं. आता पोराईचं हाय." सगळे अंगणात गेले. देवीदासनं डायल वर नेली. कुंदा पदर सावरत आली, हात ठेवला, गाणं उमललं. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

मी आत चुलीपाशी कुंदाच्या सासूजवळ बसले. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, तुमच्या रेडिओनं माझी सून नेली. म्हणून मीच आधी म्हणाले, "तुम्हाले काम पडते बाई, तिले तिथं बसा लागते तं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पिठाचे हात पुसले आणि आवाज खाली आणला.

"भांडे घासताना ती पाटल्या काढून ठेवते. एक दिवस म्या त्या उचलून खरखर करणाऱ्या रेडिओजवळ ठेवल्या होत्या, पडू नाही म्हणून. तवा कळलं मले."

मी विचारलं, "मंग कोणाले सांगितलं नाही?"

"काहून सांगू?" तिनं भाकरी उलटली. "बसू द्या तिले. आमच्या येळेस रेडिओ नव्हता बाई."